आईचा डोळा गेला, नोंद मात्र निरंक: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच अंधत्व व दृष्टिक्षीणता नियंत्रण कार्यक्रमाचे राज्यातील सर्व अधिकारी

विषय: मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या जंतुसंसर्गाची नोंद, तातडीचे उपचार आणि जबाबदारी याबाबत

महोदय,

माहितीच्या अधिकारात मी आमच्या जिल्ह्याच्या कार्यालयाला दोन प्रश्न विचारले होते. एका वर्षात जिल्ह्यात मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी किती रुग्णांच्या डोळ्यात नंतर जंतुसंसर्ग झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर महिनावार, संस्थावार, नीट बेरजा मारून आले. दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिले होते, ‘निरंक’. त्याच वर्षी, त्याच यादीतल्या एका संस्थेत शस्त्रक्रिया झाल्यानंतर माझ्या आईचा उजवा डोळा जंतुसंसर्गाने गेला आहे. तिच्यावर पुढे झालेल्या उपचारांचे सगळे कागद माझ्याकडे आहेत. संस्थेचे नाव मी इथे लिहीत नाही. ते रीतसर तक्रारीत दिले आहे, आणि प्रश्न एकाच संस्थेचा असता तर तक्रारीवर भागले असते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल कोणाच्या मनात भीती घालावी असा माझा हेतू नाही. आपल्याकडे उतारवयातल्या आंधळेपणाचे सर्वांत मोठे कारण अजूनही मोतीबिंदूच आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्के लोक निव्वळ मोतीबिंदू काढला न गेल्यामुळे अंध असल्याचे आढळले. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने, डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या डॉक्टरांनी आनंदवनापासून मराठवाड्यापर्यंत घेतलेल्या शिबिरांनी हजारो म्हाताऱ्यांना पुन्हा चालते-फिरते केले. आमच्या गावात असे लोक गल्लोगल्ली आहेत. आईनेही नंतर, मनाची तयारी व्हायला वेळ लागला तरी, डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आज ती त्या डोळ्याने सुईत दोरा ओवते.

पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. पन्नाशीपुढच्या अंधत्वात ७.२ टक्के वाटा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचा आहे. म्हणजे दर चौदा अंध व्यक्तींमागे साधारण एक जण उपचार घ्यायला गेला आणि अंध झाला. शिबिरांच्या फलकांवर, उद्घाटनाच्या भाषणांत हा आकडा मी कधी ऐकला नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या नोंदी निरंक असतील, तर ही माणसे आली कुठून?

आईची हकिगत थोडक्यात सांगते, कारण पुढच्या प्रत्येक मागणीचे मूळ त्यात आहे. तिचे वय अडुसष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. गावात तपासणी शिबिर झाले. उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावून तिला बाकीच्या बायकांबरोबर संस्थेच्या गाडीतून नेले. तिच्या कार्डावर रक्तातील साखरेचा रकाना आहे, तो कोरा आहे. संमतीपत्रावर तिचा अंगठा आहे. आई सातवी शिकलेली आहे, बँकेत सही करते. तिथे तिला कोणी सही विचारलीच नाही, मग कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवणे दूरच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा स्वच्छ दिसत होते. काळा चष्मा, ड्रॉपची बाटली आणि ‘आठ दिवसांनी या’ एवढ्यावर घरी पाठवले.

तिसऱ्या रात्री डोळा ठणकायला लागला. कार्डावरचा नंबर कार्यालयाचा होता, पहाटे लावला तर तो नुसता वाजत राहिला. सकाळी उचलला तेव्हा पलीकडून सांगितले, ‘ऑपरेशन झालंय म्हटल्यावर थोडं दुखणारच, दुखण्याची गोळी द्या.’ मग रविवार आला. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचे डॉक्टर नव्हते, त्यांनी ड्रॉप बदलून दिला. शहरातल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांकडे पोहोचलो तोवर काळ्या बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरा थर साचलेला आम्हालाही दिसत होता. त्यांनी त्याच तासाला डोळ्याच्या आत इंजेक्शने दिली, नंतर आतला पू काढण्याची शस्त्रक्रिया केली. डोळा काढावा लागला नाही. त्यातून आता तिला उजेड आणि अंधार एवढेच कळते.

महोदय, पडद्याच्या डॉक्टरांनी मला जे दहा मिनिटांत समजावले, ते प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला शस्त्रक्रियेच्या दिवशीच सांगता आले असते. डोळ्याच्या आत जंतू शिरले की त्याला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात. नीट चालणाऱ्या रुग्णालयांत तो हजारांत एखाद्याला, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी लोकांना होतो. बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो: डोळा ठणकतो, लाल होतो, पापणी सुजते, आणि काल दिसत होते ते आज धूसर दिसते. शस्त्रक्रियेनंतर डोळा जरा खुपणे, पाणी येणे वेगळे. ते दिवसागणिक कमी होत जाते. वाढत जाणारे दुखणे आणि उतरत जाणारी नजर ही धोक्याची खूण. अशा वेळी वरून घालायचे ड्रॉप किंवा पोटात घ्यायच्या गोळ्या पुरत नाहीत. व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडीम ही औषधे मोजून, पातळ करून डोळ्याच्या आत टोचावी लागतात, आणि जंतू कोणता हे कळण्यासाठी आतल्या द्रवाचा नमुना घ्यावा लागतो. इथे हिशेब तासांचा असतो.

हा संसर्ग टाळण्याचे उपायही नवे किंवा महाग नाहीत. जंतू पुष्कळदा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडिन घालून ते काम करेपर्यंत काही मिनिटे थांबायचे असते. आईच्या डाव्या डोळ्याच्या वेळी सिस्टरांनी ते तपकिरी औषध घातले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तीन मिनिटे उभ्या राहिल्या. पहिल्या वेळी असे काही झाल्याचे तिला आठवत नाही. रांगेत पुढचा रुग्ण उभा असताना सगळ्यांत आधी कापली जातात ती हीच तीन मिनिटे. शिवाय शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा एक छोटा डोस देता येतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आपल्या सहा लाखांवर शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या डोसमुळे संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. दहा हजारांत सात डोळ्यांना संसर्ग होत होता, तिथे दोनच डोळ्यांना होऊ लागला. आणि तिथे येणारे रुग्ण आमच्या गावच्या म्हाताऱ्यांसारखेच, गाडीत बसवून आणलेले, गरीब असतात.

हे त्यांना कळले कशामुळे? प्रत्येक संसर्ग त्यांनी लिहून ठेवला होता म्हणून. ज्या वहीत निरंक लिहिले आहे, तिच्यातून कोणालाही काही शिकता येणार नाही.

एका रुग्णाला संसर्ग झाला तर कदाचित जंतू त्याचेच असतील. एकाच दिवशीच्या दोघा-तिघांना झाला तर समजायचे की सलाईनच्या बाटलीत, औषधात, यंत्राच्या नळीत किंवा नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांत काहीतरी आहे. मग त्या क्षणी शस्त्रक्रियागृह बंद करायचे, उरलेल्या बाटल्या बॅच नंबरसह सील करायच्या आणि त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णाला घरून परत बोलवायचे. हे झाले नाही की काय होते, ते देशाने पाहिले आहे. २०११ मध्ये छत्तीसगडमधील बालोद, २०१४ मध्ये पंजाबातील गुरुदासपूर जिल्हा, २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील बडवानी: प्रत्येक ठिकाणी चाळीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोकांची दृष्टी गेली. २०१९ मध्ये इंदूरला अकरा जणांची गेली. त्याच रुग्णालयात २०१० मध्येही असेच घडले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूरला एका दिवसात ६५ शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि नंतर अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले. हे सगळे बाहेरच्या राज्यांतले, असे म्हणायचीही सोय नाही. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत, जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाच जणांची दृष्टी गेली.

आईच्या बरोबर त्या दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या बाकीच्या बायकांचे काय झाले, हे मी संस्थेला लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. त्यांच्यापैकी दोघी आमच्याच गावच्या, त्या ठीक आहेत, हे मी स्वतः जाऊन पाहिले. इतर गावांच्या बायकांना कोणी फोन केला का, हे आपल्या कार्यालयालाही माहीत नाही.

आता माझ्या तक्रारी स्पष्ट शब्दांत मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मोजणीची आहे. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नेत्र ज्योती अभियान सुरू केले, तीन वर्षांत २ कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवून. त्याआधी २०१७ मध्ये आपल्या राज्याने ‘मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र’ जाहीर केले होते. उद्दिष्ट असायलाच हवे, अनुशेष मोठा आहे. पण जिल्ह्याची पाठ थोपटली जाते ती शस्त्रक्रियांच्या संख्येवर, आणि स्वयंसेवी संस्थेला अनुदान मिळते तेही शस्त्रक्रियेमागे. सहा आठवड्यांनी त्या डोळ्याला चष्म्यासह किती दिसते, हे अनुदान देताना कोणी विचारत नाही. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने देशांपुढे जे लक्ष्य ठेवले त्यात नुसत्या शस्त्रक्रिया धरलेल्या नाहीत. शस्त्रक्रियेनंतर ज्याला चांगले दिसते तोच रुग्ण त्यात मोजला जातो. त्या मोजणीत माझ्या आईचा उजवा डोळा बसत नाही. आपल्या जिल्ह्याच्या आकड्यात मात्र तो यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून आजही उभा आहे, आणि त्याचे अनुदानही अदा झाले आहे. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पटावरची मुले मोजून शाळा चांगली ठरत नाही, हे आम्हाला शासनच दरवर्षी सांगते.

दुसरी तक्रार शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीची. डाव्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी आईची साखर आटोक्यात येईपर्यंत तारीख दिली नाही. अश्रुनलिका तुंबलेली आहे का ते पाणी सोडून पाहिले, कारण तिथे पू असेल तर तो थेट जखमेत उतरतो. घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे मागवून घेतली. शेजारी बसलेल्या आजोबांना त्यांनी लघवीच्या त्रासाची गोळी चालू आहे का असे विचारले, तेव्हा मला नवल वाटले. प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅमसुलोसिनमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली आकसते आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा सैल पडून मध्ये येतो; डॉक्टरला आधी माहीत असेल तर त्याची तयारी करता येते, असे त्यांनी सांगितले. भिंगाची मागची पिशवी फाटू शकते, मोतीबिंदूचा तुकडा मागे पडू शकतो, पुढे कधी पडद्याला सूज येऊ शकते किंवा पडदा सुटू शकतो, काही महिन्यांनी-वर्षांनी भिंगामागे जाळी धरली तर लेझरने साफ करावी लागते, हेही त्यांनी आईला तिच्या भाषेत सांगितले. आई घाबरली नाही. ‘एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर मी रात्रीच उठवलं असतं तुला,’ एवढेच म्हणाली. दुखण्याच्या त्या पहिल्या रात्री ती पहाटेपर्यंत कण्हत पडून राहिली होती. दुखणारच, असे तिला वाटत होते.

तिसरी तक्रार, घरी सोडल्यानंतर रुग्ण कोणाचा? शस्त्रक्रिया शाळेत किंवा मंगल कार्यालयात न करता कायमच्या शस्त्रक्रियागृहातच करायची, हा नियम कार्यक्रमाने केला, ते फार चांगले झाले. गाडीने न्यायचे, गाडीने आणून सोडायचे. पण परत नेणारी गाडी फक्त ठरलेल्या तारखेलाच येते. मधल्या दिवसांत डोळा बिघडला तर साठ-सत्तर किलोमीटरवरच्या म्हाताऱ्या बाईने एसटीने यायचे, तेही दिसत नसताना. आशाताईंना कोणाची शस्त्रक्रिया झाली याची यादीच दिली जात नाही. आमच्या आशाताई दोन घरे सोडून राहतात. त्यांना कळले तेही माझ्याकडूनच.

चौथी तक्रार चौकशीची. तक्रार दिल्यानंतर चौकशी समिती नेमल्याचे मला कळवले गेले. समितीने आईला तपासले नाही, तिच्याशी बोलली नाही, अहवाल मागितला तर ‘गोपनीय’ असे उत्तर मिळाले. शस्त्रक्रियेत गुंतागुंत होणे म्हणजे दर वेळी कोणाचा गुन्हा असतो असे मी मानत नाही. उत्तम डॉक्टरच्या हातूनही डोळा जाऊ शकतो, आणि डॉक्टरांना मारहाण करणाऱ्यांच्या बाजूची मी कधीच नव्हते. म्हणूनच सांगते, जे घडले ते दडवू नका. दडवल्याने गावाला कळत नाही असे होत नाही. आमच्या गल्लीतल्या दोघा म्हाताऱ्यांनी आईचा डोळा पाहून शिबिरातले नाव काढून घेतले. त्यांचे मोतीबिंदू पिकत चालले आहेत. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की जा, आता तिथे सगळे सुधारले आहे?

माझ्या मागण्या अशा:

१. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत झालेला प्रत्येक जंतुसंसर्ग चोवीस तासांत जिल्ह्याला कळवणे सरकारी, धर्मादाय आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक करा. ज्या डॉक्टरकडे असा रुग्ण उपचाराला पोहोचेल त्यानेही कळवावे. म्हणजे मूळ रुग्णालयाने लपवले तरी नोंद होईल.

२. जिल्हावार आकडे दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करा: शस्त्रक्रिया किती, सहा आठवड्यांनी तपासलेले रुग्ण किती, त्यांपैकी चांगले दिसणारे किती, संसर्ग किती. अनुदानाचा काही भाग सहा आठवड्यांच्या तपासणीनंतरच द्या.

३. प्रत्येक रुग्णाला मराठीत, मोठ्या अक्षरांत एक कार्ड द्या. त्यावर धोक्याची लक्षणे, रात्री उचलला जाईल असा मोबाइल नंबर, बसवलेल्या भिंगाचा आणि वापरलेल्या द्रवाचा बॅच नंबर असावा. संमतीपत्र वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा घेऊ नये. आरोग्य सल्ल्याच्या १०४ या क्रमांकावर फोन घेणाऱ्यांनाही डोळा दुखतो म्हटल्यावर ‘ऑपरेशन झाले आहे का, कधी?’ हा प्रश्न विचारायला शिकवा.

४. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डोळ्याच्या आत द्यायची ती दोन औषधे आणि ती देऊ शकणारा नेत्रतज्ज्ञ सुटीच्या दिवशीही मिळेल अशी व्यवस्था करा. पुढे पडद्याच्या डॉक्टरकडे न्यायची गाडी आणि खर्च शासनाने करावा.

५. एका दिवशी एका डॉक्टरने किती शस्त्रक्रिया करायच्या, हत्यारांचे किती संच हवेत, निर्जंतुकीकरणाची चाचणी किती दिवसांनी करायची, याचे नियम प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या दारावर लावा. पूर्वसूचना न देता तपासणी करा. एकाच दिवशीचे दोन रुग्ण संसर्गाचे निघाले तर शस्त्रक्रियागृह त्याच दिवशी बंद झाले पाहिजे.

६. आशाताईंना शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी द्या आणि पहिल्या आठवड्यातल्या भेटींचे मानधन द्या. फुकट राबवून घेऊ नका.

७. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया फसली किंवा जिवावर बेतली तर भरपाईची ठरलेली योजना आहे. शासकीय कार्यक्रमात डोळा गमावलेल्यांसाठीही तशी योजना करा, कोर्टकचेरी न करता मिळेल अशी. चौकशीचा अहवाल रुग्णाला मिळणे हा त्याचा हक्क माना.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते. मला शासनाकडून सांत्वनाचे पत्र नको आहे. मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती नाही आणि का नाही, याचे मुद्देनिहाय लेखी उत्तर हवे आहे. ते मी या पत्राइतकेच जाहीरपणे प्रसिद्ध करीन. आणि आमच्या जिल्ह्याच्या त्या वर्षाच्या नोंदीत ‘निरंक’ खोडून तिथे किमान एक हा आकडा लिहावा, अशी दुरुस्तीची रीतसर विनंती या पत्रासोबत जोडली आहे. सोबत आईचे डिस्चार्ज कार्ड, पडद्याच्या डॉक्टरांचा अहवाल आणि माहिती अधिकारातील उत्तराची प्रत आहे.

आपली,
एका रुग्णाची मुलगी
जिल्हा परिषद शिक्षिका, मराठवाडा